विश्लेषण : तुमच्याच ईमेल पत्त्यावरून स्पॅम जातोय? खाते हॅक झाले की फक्त नाव वापरले, कसे ओळखायचे?

सकाळी फोन हातात घेतला आणि इनबॉक्समध्ये ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टम’ या नावाने चाळीस-पन्नास मेल येऊन पडलेले. सगळ्यांचा मजकूर एकच : तुम्ही पाठवलेला ईमेल पोहोचू शकला नाही. ज्या पत्त्यांवर तो पोहोचला नाही, ते पत्ते तुम्ही आयुष्यात कधी पाहिलेले नाहीत. त्याहून घाबरवणारा दुसरा प्रकार असतो. तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच मेल येतो : ‘तुझे खाते माझ्या ताब्यात आहे. पुरावा हवा असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघ.’ पत्ता बघितला तर खरोखर आपलाच.

अशा वेळी लोक सहसा घाईत दोनपैकी एक गोष्ट करतात. घाबरून पैसे पाठवतात किंवा ‘नकोच ती कटकट’ म्हणून खातेच डिलीट करून टाकतात. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात काय जाते, हे दोन महिन्यांनी कुठल्या तरी पोर्टलवर लॉग-इन करायची वेळ आली की कळते. मुळात प्रेषक म्हणून तुमचा पत्ता दिसला, एवढ्यावरून तुमच्या खात्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तो पत्ता कुणीही लिहू शकतो. कसा, आणि मग आपण काय करायचे, ते पाहू.

गावात हा प्रश्न जास्त महागात का पडतो?

गोंदिया शहरापासून चार-पाच किलोमीटरवरचे, जुन्या शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा हे गाव डोळ्यांसमोर आणा. अशा गावात अनेकांचा पहिला ईमेल आयडी स्वतः काढलेला नसतो. दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावर तिथल्या भाऊने तो काढून दिलेला असतो. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये. घरातल्या चौघांना मिळून एकच आयडी. कधी कधी तर केंद्राचाच आयडी डझनभर फॉर्मवर.

हाच आयडी पुढे महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीला, सीईटी सेलच्या प्रवेशाला, नीटच्या अर्जाला चिकटतो. पासवर्ड विसरला तर ‘रीसेट’ची लिंक तिथेच येणार. म्हणजे शहरातल्या नोकरदाराला ईमेल ही टपालपेटी असते, तर गावातल्या विद्यार्थ्याला ती बऱ्याचदा किल्ल्यांचा जुडगा असते. तो फेकून दिला तर कुलपे बदलत बसावी लागतात.

समजा, अशा एखाद्या केंद्राच्या जीमेल पत्त्याच्या नावाने स्पॅम सुटला. गावातला एखादा विद्यार्थी येऊन विचारतो, ‘भाऊ, तुमच्या आयडीवरून मले लोनचा मेल कसा आला?’ केंद्रचालक म्हणतो, ‘मी तं काहीच पाठवलो नाही.’ दोघेही खरे बोलत असू शकतात. पण गावात एकदा ‘तिकडून फ्रॉडचे मेल येतात’ अशी चर्चा झाली, की ती तांत्रिक खुलाशाने थांबत नाही. म्हणून खुलासा आधीच समजून घेतलेला बरा.

दुसऱ्याचा पत्ता प्रेषक म्हणून लिहिता येतोच कसा?

घरातल्या मोठ्यांना आंतरदेशीय पत्र आठवत असेल. मागच्या बाजूला ‘प्रेषक’ अशी जागा असायची. तिथे तुम्ही स्वतःचे नाव लिहा, शेजाऱ्याचे लिहा किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांचे लिहा. पोस्टमन काही तपासत नव्हता. त्याचे लक्ष ‘प्रति’कडे. पत्ता सापडला नाही तर पत्र परत मात्र ‘प्रेषक’ म्हणून ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्या घरी यायचे, मग त्याने ते लिहिलेले असो वा नसो.

ईमेल अगदी असाच चालतो. त्यामागची पद्धत म्हणजे एसएमटीपी. तिचा नियमदस्तऐवज जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिला. तेव्हाचे नेटवर्क मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे. एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांमध्ये ‘तू खरेच तू आहेस का’ हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. नंतर जग त्याच रस्त्यावर आले, रस्ता मात्र तोच राहिला.

इंजिनीअरिंगला असताना नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ही काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा टाइप करून मेल पाठवायचो. आधी सर्व्हरला नमस्कार, मग ‘मेल फ्रॉम’, मग ‘आरसीपीटी टू’, मग मजकूर. ‘मेल फ्रॉम’पुढे काय लिहायचे, ते टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. लॅबच्या सर्व्हरला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. प्रेषकाची ओळख इतक्या सैल दोरीने बांधलेली आहे, हे त्या दिवशी जेवढे पटले तेवढे पुस्तकातून कधीच पटले नसते.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रत्येक मेलमध्ये प्रेषकाचा पत्ता दोनदा असतो. एक लिफाफ्यावर, जो सर्व्हर वाचतात. दुसरा आतल्या कागदावर, जो तुमच्या फोनवर दिसतो. हे दोन्ही पत्ते एकच असावेत, अशी मूळ नियमात सक्ती नाही. लिफाफ्यावर तुमचे नाव टाकले असेल, तर न पोहोचलेल्या प्रत्येक मेलची ‘परत आला’ ही सूचना तुमच्याकडे येते. त्यालाच बाउन्स म्हणतात. सकाळी येऊन पडलेले ते चाळीस-पन्नास मेल म्हणजे दुसऱ्याने तुमच्या नावाने टाकलेली आणि तुमच्या दारात परत आलेली पत्रे.

असे आधी कुणासोबत झाले आहे?

या प्रकाराला इंग्रजीत ‘जो जॉब’ असे एक नावच आहे. जानेवारी १९९७मध्ये जो डॉल नावाच्या वेबमास्टरने त्याच्या संकेतस्थळावरच्या एका वापरकर्त्याचे खाते स्पॅममुळे बंद केले. त्या वापरकर्त्याने सूड म्हणून डॉलच्याच नावाने स्पॅम पाठवला. चिडलेल्या लोकांचा सगळा राग डॉलवर निघाला.

आज यात वैयक्तिक सूड क्वचितच असतो. स्पॅम पाठवणाऱ्याला कुठला तरी खराखुरा, चालू पत्ता हवा असतो आणि चोरीच्या यादीत तुमचा सापडतो. एप्रिल २०१४मध्ये एओएलच्या ग्राहकांबाबत हेच झाले. चोरांनी पत्ते आणि त्यांच्या संपर्कयाद्या पळवल्या आणि मग बाहेरच्या सर्व्हरवरून, ओळखीच्याच माणसांना, ओळखीच्याच नावाने स्पॅम पाठवला. एओएलच्या म्हणण्यानुसार सुमारे २ टक्के खात्यांच्या नावाने असे मेल गेले. ‘माझ्या नातेवाइकांचेच पत्ते त्याला कसे कळले’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा यातच असते. तुमचे खाते फुटलेले असायची गरज नाही. तुमच्या संपर्कातल्या कुणाची तरी यादी, कधीतरी, कुठून तरी गेलेली असते.

सर्वांत गोंधळात टाकणारा प्रसंग मात्र एप्रिल २०१८चा. जगभरातल्या काही जीमेल वापरकर्त्यांना त्यांच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये, म्हणजे पाठवलेल्या मेलमध्ये, त्यांनी न पाठवलेल्या जाहिराती दिसू लागल्या. काहींनी पासवर्ड बदलला, काहींची दुहेरी पडताळणी आधीपासून चालू होती, तरीही मेल येतच राहिले. त्या मेलवर ‘टेलस’ या कॅनडातल्या दूरसंचार कंपनीमार्फत आल्याची खूण होती. ते आपल्या सर्व्हरवरून गेले नसल्याचे कंपनीने सांगितले. गुगलचा खुलासा असा होता की खाती फुटलेली नव्हती. मेलचे शीर्षतपशील अशा प्रकारे बनावट केले होते की ते वापरकर्त्याने स्वतःलाच पाठवल्यासारखे दिसत होते आणि म्हणून जीमेलने ते ‘सेंट’मध्येही दाखवले. नंतर गुगलने हे मेल स्पॅममध्ये टाकले.

मग खाते हॅक झाले की नाव वापरले, हे कसे ओळखायचे?

लोक पहिल्यांदा ‘सेंट’ फोल्डर बघतात आणि ते बरोबरच आहे. तिथे काहीच अनोळखी नसेल तर नाव वापरले गेल्याची शक्यता जास्त. पण २०१८चा प्रसंग लक्षात ठेवा. उलट बाजूनेही हा पुरावा पक्का नाही, कारण खात्यात शिरलेला चोर मेल पाठवून ‘सेंट’मधून पुसूनही टाकू शकतो.

त्यापेक्षा भरवशाची जागा म्हणजे लॉग-इनची नोंद. फोनवर गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात ‘युअर डिव्हायसेस’ उघडा. तुमचे खाते कुठल्या फोनवर आणि कुठल्या कॉम्प्युटरवर उघडे आहे, ते तिथे दिसते. गावातल्या वापरकर्त्यांना इथे हमखास एक धक्का बसतो : दोन वर्षांपूर्वी ज्या दुकानात फॉर्म भरला, तिथल्या कॉम्प्युटरवर खाते अजून चालूच. हा हॅक नाही, पण ते दार उघडेच राहिले आहे. तिथून लगेच ‘साइन आउट’ करा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडले तर पानाच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ अशी छोटी लिंक असते. तिथे अलीकडच्या लॉग-इनच्या वेळा आणि आयपी पत्तेही दिसतात.

दुसरी जागा फारसे कुणी बघत नाही : जीमेलच्या सेटिंग्जमधले ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’. खरोखर शिरलेला चोर बऱ्याचदा इथे नियम लावून जातो. बँकेचे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर, नाहीतर आलेले मेल थेट कचऱ्यात. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. फोनच्या ॲपमध्ये हे सगळे दिसत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर किंवा ब्राउझरचा ‘डेस्कटॉप साइट’ पर्याय वापरा. सोबत रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, हेही बघा. सेवा केंद्रात काढलेल्या खात्यात तो केंद्रचालकाचा असणे अगदी शक्य आहे.

आता तो संशयास्पद मेल. फोनवर मेल उघडल्यावर वर फक्त नाव दिसते, पत्ता दिसत नाही. त्यामुळे सर्वांत स्वस्त फसवणूक अशी : नाव तुमचे, पत्ता भलताच. नावाखालच्या ‘टू मी’जवळच्या बाणावर टिचकी मारा, खरा पत्ता दिसेल. तो खरेच तुमचा असेल, तर तिथेच ‘व्ह्यू सिक्युरिटी डिटेल्स’ उघडा. ‘मेल्ड बाय’ आणि ‘साइन्ड बाय’ अशा दोन ओळी महत्त्वाच्या. जीमेलवरून खरोखर निघालेल्या मेलवर तिथे जीमेल डॉट कॉम असते. ते नसेल किंवा भलतेच डोमेन असेल, तर मेल तुमच्या खात्यातून गेलेला नाही. आंतरदेशीय पत्रावर प्रेषक म्हणून नागऱ्याचा पत्ता आहे, पण टपाल खात्याचा शिक्का गोंदियाचा नसून भलत्याच मुलखातला आहे, असे झाले तर काय समजायचे? तेच.

पूर्ण कुंडली हवी असेल तर कॉम्प्युटरवर त्या मेलच्या तीन ठिपक्यांमधून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते. ‘फेल’ असेल तर बनावट म्हणायला हरकत नाही. मात्र तुमच्याच पत्त्याच्या मेलवर तिन्हींना ‘पास’ असेल आणि तो तुम्ही पाठवलेला नसेल, तर मामला गंभीर आहे. तेव्हा खाते खरेच दुसऱ्याच्या हातात आहे, असे धरून चाला.

कधी कधी जीमेल स्वतःच इशारा देते. ज्या प्रेषकाची खातरजमा झाली नाही, त्याच्या फोटोच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवायला गुगलने २०१६मध्ये सुरुवात केली. हे प्रश्नचिन्ह किती जण बघतात कुणास ठाऊक!

‘तुझ्याच आयडीवरून लिहितोय’ ही धमकी खरी असते का?

२०१८च्या मध्यापासून हा मेल जगभर फिरतो आहे. मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच : तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो, कॅमेऱ्याने तुझा व्हिडीओ काढला, इतक्या तासांत बिटकॉइनमध्ये पैसे भर, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवीन. सुरुवातीच्या मेलमध्ये पुरावा म्हणून तुमचा एखादा जुना पासवर्ड लिहिलेला असायचा. त्याच वर्षाच्या शेवटाकडे नवा पुरावा आला, म्हणजे प्रेषक म्हणून तुमचाच पत्ता. २०२०मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, आपल्या देशाच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही अशा खंडणीच्या बनावट मेलबद्दल सावध केले होते.

प्रेषकाच्या पत्त्याचे गौडबंगाल वर आलेच. पासवर्डचे काय? तो खरा असतो, पण तुमच्या ईमेलमधून चोरलेला नसतो. कुठल्या तरी संकेतस्थळाची माहिती फुटते, तिच्यातून तो आलेला असतो. लिंक्डइनची २०१२मधली चोरी किंवा २०२०मध्ये समोर आलेली बिगबास्केटची ग्राहकमाहिती ही त्यातली माहितीची उदाहरणे. ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञाने २०१३मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकला, की तो कुठल्या कुठल्या चोरीत सापडला ते मोफत कळते. मेलमधला जुना पासवर्ड तुम्ही अजून कुठेही वापरत असाल, तर तो मात्र आजच बदला.

उत्तर देऊ नका, पैसे भरू नका, जोडलेली फाइल उघडू नका. एवढे केले की त्या मेलमध्ये भीतीशिवाय काही उरत नाही. अर्थात, भीती ही काही छोटी गोष्ट नाही. घरी कुणाशी बोलायची सोय नसलेल्या कॉलेजच्या पोरापोरींना असा मेल आला तर रात्र कशी जात असेल, याचा अंदाज करता येतो. म्हणूनच आई-वडिलांनी, शिक्षकांनी आणि सेवा केंद्रातल्या भाऊंनीही हा प्रकार माहीत करून घ्यायला हवा, म्हणजे कुणी विचारायला आले तर आधी हसू येणार नाही.

कंपनीने हे थांबवायला नको का?

थांबवण्याचे प्रयत्न झाले, पण जुन्या घराला नंतर खिडक्या पाडाव्यात तसे. पहिली खिडकी एसपीएफ : ‘आमच्या डोमेनचे पत्र फक्त याच सर्व्हरवरून निघेल’ अशी जाहीर यादी. दुसरी डीकेआयएम : प्रत्येक मेलवर लाखेच्या मोहरेसारखी डिजिटल सही. पण या दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर पुढे काय करायचे, हे कुणी सांगत नव्हते. शिवाय एसपीएफ लिफाफ्यावरचे नाव तपासते, तुम्हाला दिसणारे नाही. ही फट २०१२मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने बुजवली. दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी यांपैकी किमान एक तपासणी जुळलीच पाहिजे, नाही जुळली तर मेल स्पॅममध्ये टाका किंवा दारातूनच परत करा, असे डोमेनचा मालक यात सांगू शकतो. एप्रिल २०१४च्या त्या गोंधळातच याहू आणि एओएलने ‘परत करा’ हा कडक पर्याय निवडला. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे बंधनकारक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५ हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्याकडे डीमार्कची नोंद हवीच.

जीमेल किंवा याहूचा पत्ता वापरणाऱ्याला यात स्वतः काही करता येत नाही, ते काम त्या कंपन्यांचे. पण स्वतःचे डोमेन असलेल्यांना करता येते आणि गोंदियासारख्या राईस मिलच्या जिल्ह्यात हा मुद्दा किरकोळ नाही. मिलवाले, व्यापारी, कॉलेज, पतसंस्था यांनी डोमेन घेतलेले असते, वेबसाइट एखाद्या नातेवाइकाने करून दिलेली असते आणि डीएनएसमध्ये या नोंदी आहेत का, हे कुणी पाहिलेले नसते. अशा डोमेनच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात टाका’ असा मेल तांदळाच्या खरेदीदाराला गेला, तर तो बनावट आहे हे त्याच्या सर्व्हरने तरी कशावरून ओळखायचे? नुकसान इथे शिष्यवृत्तीचे नाही, अख्ख्या ट्रकभर मालाच्या पैशांचे असते.

नोंदी टाकायला वेगळे पैसे लागत नाहीत. डोमेन जिथून घेतले तिथल्या डीएनएस विभागात तीन ओळी टाकायच्या असतात. फक्त घाई नको. पहिल्याच दिवशी ‘परत करा’ लावले आणि बिले पाठवणारे एखादे सॉफ्टवेअर यादीत घालायचे राहिले, तर तुमचीच बिले परत येऊ लागतील. आधी ‘फक्त अहवाल द्या’ या पर्यायावर काही आठवडे ठेवा, तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवते ते अहवालातून कळेल. मग ‘स्पॅममध्ये टाका’, मग ‘परत करा’. आणि हो, अक्षरात किंचित फरक करून घेतलेल्या दुसऱ्याच डोमेनवरून आलेला मेल यातले काहीही थांबवत नाही. त्यामुळे खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारणे हाच उपाय.

सरकारी पत्तेही यातून सुटलेले नाहीत. जून २०२०मध्ये, ‘एनकोव्ह२०१९ ॲट जीओव्ही डॉट इन’ अशा सरकारी वाटणाऱ्या पत्त्यावरून मोफत करोना चाचणीचे आमिष दाखवणारे मेल येऊ शकतात, असा इशारा सर्ट-इनने दिला होता. लक्ष्य केल्या जाणाऱ्या शहरांत मुंबईचेही नाव होते.

कायदा काय म्हणतो?

इथे एक गमतीशीर वळण आहे आणि ते महाराष्ट्रातून जाते. ‘मेल कुठून आला याबद्दल वाचणाऱ्याची दिशाभूल करणे’ हा आपल्याकडे एकेकाळी थेट गुन्हा होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अच्या तिसऱ्या उपकलमात तसे शब्दच होते. पण हे कलम लोकांना माहीत झाले ते वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. देशभर संताप उसळला, श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे अख्खे कलम घटनाबाह्य ठरवले. त्यासोबत बनावट प्रेषकाचा तो उल्लेखही गेला. निकाल योग्यच होता. पण अमेरिकेच्या २००३च्या कायद्यासारखा खास ईमेल स्पॅमसाठीचा कायदा आपल्याकडे त्यानंतरही झालेला नाही. ‘ट्राय’चे नियम आहेत ते कॉल आणि एसएमएसपुरते.

याचा अर्थ हात बांधलेले आहेत असा नाही. दुसऱ्याची ओळख वापरणे कलम ६६-क आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणे कलम ६६-ड खाली येते. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीने फसवणुकीसाठी कलम ३१९ आहे. अडचण कलमांची नसून माणूस सापडण्याची आहे. पाठवणारा सर्व्हर एका देशात, चालवणारा दुसऱ्या आणि बिटकॉइन तिसऱ्याच दिशेने.

तक्रार करायची झाली तर?

पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० हा क्रमांक लावा. पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता सुरुवातीच्या वेळेतच असते. पैसे गेले नसतील, पण तुमच्या नावाने इतरांना फसवले जात असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. उद्या कुणी ‘तुमच्या मेलमुळे माझे पैसे गेले’ म्हणत आला, तर आधीच केलेली ही तक्रार तुमच्या बाजूने बोलते. सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे.

पुरावा म्हणून निव्वळ स्क्रीनशॉट काढून मेल डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये फक्त आतला कागद दिसतो, तपासाला लिफाफा लागतो. ‘शो ओरिजिनल’मधून मेल जसाच्या तसा डाउनलोड करून ठेवा. तीन-चार बाउन्सही ठेवा, कारण त्यांच्यात बऱ्याचदा मूळ मेलचे शीर्षतपशील जोडलेले असतात. बाकीचे पुसायला हरकत नाही.

खाते फुटलेले नाही अशी खात्री झाली असेल, तर पुढचे काम बरेचसे वाट बघण्याचे आहे. स्पॅम पाठवणारे पत्ते बदलत राहतात, त्यामुळे बाउन्सचा पूर बहुधा काही दिवसांत ओसरतो. तोवर ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका : माझ्या नावाने मेल आला तर उघडू नका, आधी फोन करा. पासवर्ड नवा आणि वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी चालू करा. स्पूफिंग याने थांबणार नाही, पण खरी घरफोडी टळेल.

खाते डिलीट करण्याचा विचार मात्र सोडा. त्याने स्पॅम थांबत नाही, कारण प्रेषक म्हणून तुमचा पत्ता लिहायला ते खाते अस्तित्वात असावेच लागत नाही. उलट डिलीट केलेला जीमेल पत्ता नव्याने तुम्हालाही घेता येत नाही आणि त्याला जोडलेल्या सगळ्या पोर्टलची दारे एकदमच बंद होतात.

आणखी एक. वैतागून काही जण स्वतःच्याच पत्त्यावरून येणारे सगळे मेल थेट कचऱ्यात जातील, असा फिल्टर लावतात. मग परवा स्वतःलाच मेल करून ठेवलेली जातप्रमाणपत्राची पीडीएफ सापडत नाही. असा फिल्टर लावलाच असेल, तर आधी तो काढा आणि कचऱ्याचा फोल्डर तपासा. जीमेल तिथले मेल ३० दिवसच ठेवते.